मदत हवी आहे : जॉन जॉर्ज अडेअरचे मृत्युपत्र कुठे शोधावे?

मराठी विकिपीडियासाठी आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतल्या ग्लेनव्हेच्या जमीनदारावर, जॉन जॉर्ज अडेअरवर (१८२३–१८८५) लेख लिहितोय. एप्रिल १८६१ मध्ये डेरीव्हेची ४७ कुटुंबे, म्हणजे २४४ माणसे, घराबाहेर काढणारा हाच तो. पुढे तिथेच त्याने किल्ला बांधला!

कुटुंबाचा भाग बराचसा जुळलाय. १८६७ मध्ये त्याने कॉर्नेलिया वॉड्सवर्थ रिची या अमेरिकन विधवेशी लग्न केले. तिचे वडील जनरल वॉड्सवर्थ १८६४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात मारले गेले. दोघांना मूल नाही. १८७७ मध्ये चार्ल्स गुडनाइटबरोबर टेक्सासात गुरांचा 'जेए' रँच काढला. अडेअर सेंट लुईसला वारला, कॉर्नेलिया १९२१ पर्यंत जगली.

अडलोय ते मालमत्तेच्या वाटणीवर. ग्रिफिथचे मूल्यांकन (एकोणिसाव्या शतकातली आयर्लंडमधल्या जमिनींची सरकारी मोजदाद) पाहिले, पण त्यात कुळांची नावे मिळतात, वारसा नाही. डब्लिनच्या अभिलेखागारातली मूळ मृत्युपत्रे १९२२ च्या आगीत गेली, हे ठाऊक आहे. 'जळाली' एवढेच उत्तर नको. जिल्हा नोंदणी कार्यालयांच्या नकलवह्या (मृत्युपत्रांच्या नकला उतरवलेल्या वह्या) मात्र बऱ्याच आगीतून बचावल्या आहेत.

मी पुण्यात असतो, आयर्लंडला जाणे शक्य नाही. ईमेलने मागवता येईल आणि थोडी फी परवडेल. वंशावळीच्या हौशी साइट नकोत, एकमेकींची नक्कल असतात.

तर मालमत्ता आयर्लंड आणि टेक्सास अशी दोन्हीकडे असताना, मृत्युपत्राची नक्कल आधी कुठे मागावी: आयर्लंडच्या जिल्हा नकलवह्यांत, लंडनच्या प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) नोंदींत, की टेक्सासच्या काउंटी कोर्टात?