डंकेल्ड आणि बर्नम (स्कॉटलंड): एडिंबराहून एका दिवसात, गुडघे सांभाळून

प्रश्न – पायवाट

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एडिंबरात मुक्काम आहे. टे नदीच्या दोन काठांवरची डंकेल्ड आणि बर्नम ही गावं एका दिवसात बघायची आहेत. सोबत आई-बाबा. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, पण बाबांना जिने जड जातात. गाडी भाड्याने घ्यायची नाही. ट्रेनने जावं का? कुठून सुरुवात करावी? हर्मिटेजचा धबधबा आणि लॉक ऑफ द लोज या तळ्यावरचे ऑस्प्रे पक्षी त्याच दिवशी जमतील का? शिवाय दोन गावं इतकी शेजारी असताना दोन्ही बघण्यात वेगळं काय मिळतं, तेही सांगा.

उत्तर – रूळमोजणी

ट्रेन आहे, पण तुमच्या बाबतीत आधी फलाटाचा विचार करा. डंकेल्ड अँड बर्नम स्टेशनचे फलाट खूप बुटके आहेत. डब्याच्या दारातून उतरताना पायरीची उंची नेहमीपेक्षा बरीच जास्त पडते, म्हणून तिथे ठोकळ्यासारख्या सुट्या पायऱ्या ठेवलेल्या असतात. त्यात जाताना एका फलाटावर उतरायचं आणि परतीला दुसऱ्यावरून चढायचं, म्हणजे पादचारी पुलाचा जिना आलाच. स्कॉटरेल या रेल्वे कंपनीकडे प्रवासी-साहाय्य आगाऊ नोंदवता येतं. ते नोंदवा आणि फलाट बुटका आहे हे सांगून विचारा, म्हणजे काय सोय होईल ते आधीच कळेल.

यापेक्षा सोपं म्हणजे एडिंबरा ते पर्थ ट्रेन आणि पर्थहून बस. पर्थ ते डंकेल्ड साधारण 24 किलोमीटर आहे. बस थेट गावात सोडते. स्टेशन मात्र गावाबाहेर, ए-9 महामार्गाच्या पलीकडे आहे. तिथून डंकेल्डच्या चौकापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं धरा.

थेट ट्रेनला एडिंबराहून दीड ते पावणेदोन तास लागतात. गाड्यांमध्ये कधीकधी दोन तासांचं अंतर असतं आणि रविवारी त्या आणखी कमी होतात. म्हणून परतीची गाडी आधी ठरवा, दिवस तिच्याभोवती बसवा. स्कॉटरेलने 1 सप्टेंबर 2025 पासून गर्दीच्या वेळेचं जादा भाडं बंद केलं आहे, त्यामुळे तिकिटासाठी सकाळची गाडी टाळायचं कारण उरलेलं नाही.

उत्तर – काठकाठाने

वेगळं काय, तर दोन्ही गावांचं वय. डंकेल्ड जुनं. सेंट कोलंबा या संताचे अवशेष नवव्या शतकात राजा केनेथ मॅकआल्पिनने इथे आणले, तेव्हापासून हे धर्मकेंद्र. पण कॅथेड्रल सोडलं तर जुन्या भागातली घरं जवळपास एकाच काळातली दिसतात. 21 ऑगस्ट 1689 रोजी सरकारी बाजूची कॅमेरोनियन पलटण आणि जॅकोबाइट (पदच्युत राजा जेम्सचे समर्थक) यांची लढाई इथे गल्ल्यांमधून झाली आणि गाव जळालं. तीनच घरं उरली असं सांगतात. चौकाभोवतीची आणि कॅथेड्रल स्ट्रीटवरची चुना लावलेली पांढरी, बुटकी घरं त्यानंतर उभी राहिली. विसाव्या शतकात ती पडायला आली होती, तेव्हा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने ती दुरुस्त केली. घरांत लोक राहतात, खिडक्यांतून डोकावू नका. चौकातल्या 'एल शॉप'च्या भिंतीवर कापड मोजायची लोखंडी पट्टी आहे. स्कॉटिश एल म्हणजे सुमारे 37 इंच. शोधल्याशिवाय दिसत नाही.

बर्नम त्यामानाने कालचं. 1856 मध्ये पर्थहून आलेली रेल्वे इथेच संपत होती. रूळ पुढे हायलँडकडे गेले ते 1863 मध्ये. सुट्टीला येणाऱ्या श्रीमंतांमुळे या काठावर व्हिक्टोरियन घरं आणि हॉटेलं उठली. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटरचं कुटुंबही याच भागात उन्हाळा घालवायचं. पीटर रॅबिटची गोष्ट तिने 4 सप्टेंबर 1893 रोजी एका आजारी मुलाला चित्रपत्रात लिहून पाठवली, ती डंकेल्डच्या ईस्टवुड या घरातून. बर्नम आर्ट्समध्ये तिच्यावर प्रदर्शन आहे, शेजारी छोटी बाग आहे. पॉटर वाचली नसेल तर बागेत दहा मिनिटं पुरेत.

दोन्ही काठ जोडणारा पूल थॉमस टेलफर्डचा, 1809 मधला. त्यावर टोल होता. डंकेल्डकरांना ट्रेन पकडायलाही टोल भरावा लागे, म्हणून 1868 मध्ये लोकांनी फाटकं उखडून नदीत टाकली. टोल गेला 1879 मध्ये. पुलामुळे मोठा रस्ता सरळ ब्रिज स्ट्रीटवरून निघाला आणि जुना चौक बाजूला पडला. तिथे आजही निवांत चालता येतं, ते त्यामुळेच.

उत्तर – देवदार

क्रम असा ठेवा. पर्थहून येताना बसमधून बर्नमला उतरा, परतीची बस डंकेल्डला धरा. बर्नम ओक या जुन्या झाडाकडे गावातून उतार उतरून जाता येतं, पण बाबांसाठी पुलाजवळून नदीकाठाची वाट बरी. बहुतेक सपाट आहे, किलोमीटरभराच्या आत झाड येतं. पाऊस झाला असेल तर चिखल आणि वर आलेली मुळं, त्यामुळे तळ गुळगुळीत असलेले बूट नकोत. टेचं पाणी झपाट्याने चढतं आणि काठाच्या वाटा बुडतात. सेपा ही पर्यावरण संस्था नद्यांची पातळी ऑनलाइन देते, सकाळी बघून निघा.

झाडापाशी बऱ्याच जणांची एक गल्लत होते. जाडजूड, पसरलेलं झाड दिसलं की फोटो काढून परततात. तो सिकॅमोर असतो. ओक त्याच्या जवळच आहे. फांद्यांना लाकडी टेकू दिलेले, खालचं सुमारे 3 मीटर खोड पोकळ. शेक्सपियरच्या मॅकबेथ नाटकातल्या बर्नमच्या जंगलाचा हा शेवटचा अवशेष मानतात. झाड शतकानुशतकं जुनं आहे, पण खुद्द अकराव्या शतकातल्या मॅकबेथच्या वेळचं नक्कीच नाही.

मग पूल ओलांडून कॅथेड्रल. बांधकाम 1260 ते 1501 असं रेंगाळलं, म्हणून एकाच इमारतीत शैलींची सरमिसळ दिसते. पूर्वेकडचा छत असलेला भाग आजही चालू चर्च आहे, पश्चिमेकडचा सभामंडप धर्मसुधारणेनंतर उघडा पडलेला. प्रवेश मोफत. रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि शनिवारी लग्न असू शकतं, तेव्हा आतला भाग बघता येत नाही. आत अलेक्झांडर स्टुअर्टची, म्हणजे 'वुल्फ ऑफ बॅडेनॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्राची चिलखतधारी दगडी मूर्ती आहे. बाहेर नदीकडच्या हिरवळीवर बाक आहेत; बसायला पूर्ण गावात यापेक्षा चांगली जागा नाही. जवळच 1738 मध्ये लावलेला लार्च हा सूचिपर्णी वृक्ष आहे. अॅथोलच्या ड्यूकांनी पुढे डोंगरच्या डोंगर लार्चने भरले, त्यांच्या बियाण्याचं हे एक मूळ झाड.

उत्तर – रूळमोजणी

लॉक ऑफ द लोज काढून टाका. ऑस्प्रे तिथे मार्चअखेर-एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पश्चिम आफ्रिकेकडे निघून जातात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरटं बहुधा रिकामंच असेल.

उत्तर – देवदार

सहमत. हर्मिटेज मात्र सोडू नका, फक्त चालत जाऊन परत येण्याचा हट्ट नको. डंकेल्डहून इन्व्हरमार्गे ब्रान नदीकाठाने वाट आहे, पण जाऊन-येऊन दीड तास तिथेच जाईल आणि वर ओकचं चालणं झालेलंच असेल. स्थानिक टॅक्सी आदल्या दिवशी फोनवर ठरवा, कारण रस्त्यावर हात केला की थांबेल अशी टॅक्सी इथे मिळत नाही. वाहनतळापासून ऑशियन्स हॉल किलोमीटरभर आत आहे. वाट रुंद, चढ सौम्य, दोन्ही बाजूंना ब्रिटनमधल्या सर्वांत उंच झाडांत गणले जाणारे डग्लस फर. ऑशियन्स हॉल ही 1757 मधली छोटी इमारत धबधब्याच्या बरोबर वर आहे. दगड शेवाळलेले असतात, कठड्याच्या आतच उभं राहा. सॅमन उड्या मारताना दिसतात ते मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा ती आशा नको.

उत्तर – काठकाठाने

जेवणाचं एकच. शाकाहारी असाल तर 'स्कॉच ब्रॉथ' भाज्यांचं सूप समजून घेऊ नका, त्यात बहुधा मटणाचं पाणी असतं. मसुराच्या सुपाबद्दलही विचारून घ्या, काही ठिकाणी ते हॅमच्या हाडावर शिजवतात. कॅफे चार-पाचला आवरतात. उजेड साडेसातपर्यंत असला तरी जेवण दुपारी दोनच्या आत उरका.