कोल्हापूर वृक्षारोपण: जागा, खड्डे आणि तीन उन्हाळ्यांचं पाणी

प्रेषक: मंडळ कार्यवाह
तारीख: १२ जानेवारी

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या आपल्या मंडळाकडे निधी मागणारा, कार्यकारिणीपुढे आलेला प्रस्ताव थोडक्यात असा. कोल्हापुरातली एक सेवाभावी संस्था, तिच्यासोबत एक ग्रामपंचायत, महिला बचत गट आणि गावातली तालीम. पाच हजार रोपं, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, १५ ऑगस्टला एका दिवसात लागवड. खर्चाच्या कागदात रोपं, खड्डे, फलक आणि कार्यक्रम एवढंच धरलंय. आपल्या यादीत या कामातली जाणती माणसं आहेत. होकार देण्याआधी काय काय विचारायचं, ते मोकळेपणाने लिहा.

---

प्रेषक: सभासद, मुक्काम कोल्हापूर
तारीख: १३ जानेवारी

नमस्कार ताई,

आधी जागेचं बोलतो, कारण तिथेच प्रस्ताव अडतो. मसाई पठारावर झाडं लावू नयेत. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी वीतभरसुद्धा नाही. कातळात खड्डा घेतला की पावसाळ्यात त्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. जी वाचतात ती मार्चमध्ये तापलेल्या दगडावर करपतात. शिवाय त्या सड्यावर पावसाळ्यात जी गवतं आणि इवली फुलं येतात, सीतेची आसवं, तेरडा, ती उघड्या उन्हावरच जगतात. तिथे सावली आणणं म्हणजे त्यांची जागा काढून घेणं. संस्थेला हे स्पष्ट कळवावं.

आपल्या जिल्ह्यात पश्चिम आणि पूर्व ही दोन वेगळी रानं आहेत. गगनबावड्याला पाऊस मोजायला मीटर लागतात, शिरोळ-हातकणंगल्याकडे त्याचा लहानसा भाग पडतो. त्यामुळे एकच यादी आणि एकच तारीख दोन्हीकडे चालत नाही. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात जांभूळ, ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, कोकम, सातवीण. पूर्वेच्या माळावर कडुनिंब, करंज, चिंच, आपटा, बहावा, वावळ, सीताफळ. वड, पिंपळ, उंबर दोन्हीकडे, पण मोकळी जागा सोडून. निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरीपुष्प, गुलमोहर यादीत दिसले तर कापून टाका. लवकर हिरवं दिसतं म्हणून रोपवाटिका तीच पुढे करतात.

पंचगंगेच्या काठाचा पर्याय कोणी सुचवला तर एक लक्षात ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी त्याच्याही पुष्कळ वर गेलं होतं. पूररेषेच्या आत जूनमध्ये लावलेलं कोवळं रोप कित्येक दिवस पाण्याखाली राहतं आणि वर गाळ बसतो. तिथे वाळुंज, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ लावावेत, तेही मोठा पूर ओसरून वाफसा आल्यावर, म्हणजे माती कामाजोगी सुकल्यावर. कडुनिंब आणि सीताफळ पाणथळीत टिकत नाहीत.

माझ्या मते पूर्वेकडचं एखादं गायरान घ्यावं. मात्र सातबारा पाहा, ग्रामसभेचा ठराव मागा (नुसतं सरपंचांचं पत्र पुरत नाही), आणि त्या जागेवर जनावरं कोणाची चरतात ते विचारा. ज्यांची चराई बंद होणार, ती घरं ठरावाच्या वेळी हजर नसली तर पहिल्याच वर्षी कुंपण मोडतं. निम्मं गायरान चराईला मोकळं ठेवलं तर हा प्रश्न बराच निवळतो.

१५ ऑगस्ट उशिराची आहे. पूर्वेला मृगाचा पाऊस होऊन माती फूटभर ओली झाली की आर्द्रा ते पुनर्वसू, म्हणजे साधारण २२ जून ते २० जुलै, हा काळ धरा. ऑगस्टच्या मध्यावर लावलेल्या रोपाला मुळं खाली सोडायला फार तर दोन महिने मिळतात. सुट्टीवर येणाऱ्या सभासदांना ऑगस्टमध्ये खुरपणी आणि नांग्या भरण्याचं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचं) काम देता येईल. तेही तितकंच गरजेचं आहे.

---

प्रेषक: मंडळ खजिनदार
तारीख: १४ जानेवारी

नमस्कार,

पैशाच्या वाटेबद्दल. आपलं मंडळ परदेशात नोंदवलेलं आहे, म्हणून भारतातल्या २०१०च्या एफसीआरए (परदेशातून येणाऱ्या देणग्यांच्या) कायद्याप्रमाणे आपण 'विदेशी स्रोत' ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच जमा व्हायला हवी.

प्रस्तावात लिहिलंय की संस्था निम्मी रक्कम तालीम आणि बचत गटाला 'वर्ग करेल'. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या कोणालाही, त्याच्याकडे नोंदणी असली तरी, पुढे देता येत नाही. बचत गटाकडून रोपं विकत घेऊन पावतीवर पैसे देणं, टँकरचं बिल भरणं, हजेरीपटावर मजुरी देणं हा संस्थेचा स्वतःचा खर्च. त्याच पैशाचं अनुदान म्हणून वाटप केलं तर संस्थेची नोंदणी धोक्यात येईल. म्हणून करारात भागीदारांचं काम नगांत आणि दिवसांत लिहावं: इतकी रोपं, इतके खड्डे, इतक्या पाण्याच्या फेऱ्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा आता २० टक्के आहे. पूर्वी ५० होती, आणि हा प्रस्ताव जुन्याच हिशोबाने केलेला दिसतो.

ज्या सभासदांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून थेट दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्यांची धरली जाते. दोन्ही रकमा मंडळाच्या खात्यात एकत्र करू नका. संस्थेच्या सीएकडून हे लेखी घ्यावं.

---

प्रेषक: सभासद, उद्यानविद्या
तारीख: १५ जानेवारी

कोल्हापूरच्या दादांचं जागेबद्दलचं म्हणणं मला पूर्ण पटतं. दोन शंका. ट्रॅक्टरच्या यंत्राने खड्डे घेतले तर काळ्या जमिनीत खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं आतल्या आत गोल फिरतात. पहारीने भिंती खरवडायचं काम करारात घ्याल का? दुसरी, आच्छादन कशाचं? तिकडे पाचट (उसाची वाळलेली पानं) मुबलक, पण वाळवी आणि आग या दोन्हींची भीती वाटते.

---

प्रेषक: सभासद, मुक्काम कोल्हापूर
तारीख: १६ जानेवारी

ताई, खरवडणं घेऊच. मुरमाड माळावर मजुरांकडून खणलेले खड्डे जास्त बरे, दीड फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. एप्रिलमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू द्यायचे. भरताना वरची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत कच्चं आलं तर ट्रॉली परत पाठवावी. वळीव झाल्यावर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे बाहेर पडतात आणि अशा खतात हुमणी पोसते. उसाच्या पट्ट्यात ती आधीच भरपूर आहे. वर्षभरात मुळं कुरतडली जातात आणि रोप नुसतं ओढलं तरी हातात येतं.

पाचट वापरू, पण थर चार बोटांचा, बुंध्यापासून वीतभर लांब, आणि आधी पाणी मारून. डिसेंबरला ते बाजूला ओढून मातीत दाबायचं. याचं कारण शेजारचा फड. ऊस गेला की खोडव्याआधी पाचट पेटवतात, वारा फिरला की ठिणगी बांध ओलांडते. दिवाळीनंतर लगेच चारी बाजूंनी तीन मीटरची जाळरेषा गवत काढून साफ करायची, आणि लगतच्या शेतकऱ्यांना पेटवायच्या आदल्या दिवशी कळवायला सांगायचं. तालमीच्या पोरांना हेच काम द्यावं. ती शिवारात रोज असतात.

आता आकडे. मी ५०० रोपांचा हिशोब मांडतो. दहा बाय दहा फुटांवर ५०,००० चौरस फूट, म्हणजे १.१५ एकर. शेणखत साधारण दोन ट्रॉल्या, पेंड १०० किलो. रोप तीन फुटांच्या वर, खोड बोटभर जाड, पिशवीच्या तळाशी मुळांची गुंडाळी नको. असेल तर ब्लेडने तेवढाच भाग कापून लावायचं. पिशवी फाडून काढायची, मातीचा गोळा फोडायचा नाही, आणि रिकाम्या पिशव्या मोजून परत घ्यायच्या. ५०० रोपं तर ५०० पिशव्या. पिशवीसकट पुरलेली रोपं अशीच सापडतात. पूर्वेला भोवती आळं करा. पश्चिमेला उलट, बुंध्याशी मातीची भर द्या, नाहीतर जुलैत पाणी साचून बुंधा सडतो. आधाराला पाच फुटी बांबू, सुतळी आठाच्या आकड्यात. प्लॅस्टिकची दोरी खोडात रुतते.

पाणी: ५,००० लिटरचा टँकर ५०० रोपांना १० लिटरप्रमाणे एकदा पुरतो. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी दर पंधरवड्याला, सहा फेऱ्या. फेब्रुवारी ते मे दर आठ दिवसांनी, पंधरा फेऱ्या. एकूण २१ टँकर. दुसऱ्या उन्हाळ्यात २० लिटर, पंधरा दिवसांनी, आठ फेऱ्यांना १६ टँकर. तिसऱ्याला एप्रिल-मेमध्ये चार फेऱ्या, ८ टँकर. सगळे मिळून ४५. पाच हजार रोपांना हेच ४५० होतात, आणि मे महिन्यात एका गावात इतके टँकर मागणं योग्य नाही. तिथे माणसांनाच पाणी कमी असतं. म्हणून मी ५००वरच थांबा म्हणतो.

बचत गटाला रोपांची मागणी आजच द्या, ५५० ची. वरची ५० नांग्या भरायला. ज्या जाती त्यांच्याकडे तयार आहेत त्याच यंदा घ्या. जांभळाचं बी वाळलं की उगवत नाही, ते फळ गळल्या गळल्या पेरावं लागतं. यंदा तयार रोप नसेल तर पुढच्या जूनला लावा, बाहेरून आणू नका.

खुरपणी ऑगस्टला एकदा, ऑक्टोबरला एकदा. गाजर गवत आणि रानमोडी फुलायच्या आत उपटायची. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण दर दिवाळीला नवं घालावं लागतं, तो खर्च तीनदा धरा.

---

प्रेषक: मंडळ कार्यवाह
तारीख: १८ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला आज पत्र जातंय: पठार रद्द, पूर्वेकडचं गायरान, ५०० रोपं, तीन वर्षांचं वेळापत्रक. बिलांप्रमाणे रक्कम तीन टप्प्यांत: लागवडीनंतर ४० टक्के, पहिल्या उन्हाळ्यानंतर ३०, तिसऱ्यानंतर ३०. प्रत्येक रोपाला पत्र्याचा क्रमांक, आणि दर ३१ मेला संस्था, ग्रामपंचायत आणि बचत गट यांनी एकत्र मोजणी. दादा, ठरावाच्या ग्रामसभेला चराईवाली घरं हजर राहतील एवढं तुम्ही पाहाल का? तारीख कळली की इथे टाका.