डोळा लांब होतो म्हणजे आत काय होतं?

नौपाडेकर:
मुलगा चौथीत आहे. गेल्या जूनमध्ये दोन्ही डोळ्यांना मायनस 1.25 होता, यंदा मायनस 2. डोळ्याची लांबी 23.9 मिमी होती, ती 24.2 झाली. डॉक्टर म्हणाले, डोळा वाढतोय. बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. सासूबाई म्हणतात सतत चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून घरी काढून ठेवते. डोळ्याला वाढायला सांगतं कोण? मेंदू?

वाशीची ऑप्टोमेट्रिस्ट:
ताई, चष्मा आधी पूर्ण वेळ लावायला द्या. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला होता. त्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला.

सांगतो तो मेंदू नाही, डोळ्याचा आतला पडदाच (रेटिना). कोंबडीच्या पिलांवरचे प्रयोग कॉलेजात वाचले ते अजून डोक्यातून जात नाहीत. पिलाच्या डोळ्यावर धूसर आवरण बसवलं की तो लांब होतो; मेंदूकडे जाणारी नस कापली तरी तो लांब होतच गेला. अर्धीच नजर झाकली, तर डोळ्याची तेवढीच बाजू वाढली! पडद्यातल्या काही पेशी (अमॅक्राइन) उजेडात डोपामिन नावाचं रसायन सोडतात आणि ते वाढीला आवर घालतं. पडद्याचा निरोप मागच्या थरांतून, कोरॉइडमधून, डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणापर्यंत जातो. नंबर वाढत असताना तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन (भिंतीला बळकटी देणारे धागे) कमी बनवतात, आहे ते तोडणारी विकरं वाढतात. भिंत पातळ, सैल होते आणि डोळ्यातल्या दाबानं मागे ताणली जाते. एक मिमी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर, त्यामुळे तुमचे 0.3 मिमी आणि पाऊण नंबर जुळतात. ताणलेली लांबी मात्र परत आखडत नाही.

ऐरोलीकर:
आमच्या मुलीला दीड वर्ष रोज रात्री 0.01 टक्के ॲट्रोपिनचे ड्रॉप्स घालतोय. नंबर वाढतोच, पण आधीपेक्षा हळू. मैदानात न्या. ग्वांगझूच्या शाळांत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं; तीन वर्षांत 30.4 टक्के मुलांना मायोपिया (मायनस नंबर) झाला, बाकी शाळांत 39.5.

वाशीची ऑप्टोमेट्रिस्ट:
तो आकडा नव्यानं मायोपिया होणाऱ्यांचा. आधीच नंबर असलेल्यांना बाहेर राहून तेवढा फायदा दिसत नाही. तरी न्याच. ड्रॉप्सचं डॉक्टरांनाच विचारा.

नौपाडेकर:
आज सकाळी दात घासतानाच चष्मा चढवला त्याच्या नाकावर. धाकटी पाच वर्षांची आहे, तिला अजून नंबर नाही. क्लास सातला ढकलून दोघांना उपवन तलावावर नेईन. पण पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, तो उजेड पुरतो?

वाशीची ऑप्टोमेट्रिस्ट:
ढगाळ दुपारीही बाहेर ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. फक्त अंधारायच्या आत न्या. धाकटीचा नंबरही आत्ताच तपासून ठेवा.