जीझाचा लिक्विड सोर्ड्स: सुरुवातीला बोलणारं ते लहान पोर कोण?

पावसाळी_दुपार:
वू-टँग क्लॅन या अमेरिकी रॅप ग्रुपचा ३६ चेंबर्स अल्बम भरपूर ऐकून झालाय, आता त्यातल्या एकेकाचे सोलो अल्बम ऐकायला घेतलेत. काल रात्री जीझाचा लिक्विड सोर्ड्स लावला आणि गाणं सुरू व्हायच्या आधी एक लहान मुलगा बापाबद्दल सांगायला लागतो, बाप शोगुनसाठी (जपानचा लष्करी राज्यकर्ता) लोकांची मुंडकी उडवायचा वगैरे, अंगावर काटाच आला. ते कुठनं घेतलंय? आणि हा दुसरा सोलो म्हणतात, मग पहिल्याचं नाव कोणीच का काढत नाही? मला रॅप एका झटक्यात कळत नाही, शब्द समोर ठेवून ऐकावं लागतं, पण हा अल्बम बंद करवेना.

टेपवाला:
ते शोगुन असॅसिन या पिक्चरमधलं आहे, १९८० चा. जपानी लोन वुल्फ अँड कब मालिकेतले पहिले दोन सिनेमे कापून, जोडून, इंग्रजी डबिंग करून अमेरिकेत काढलेला. बाप तलवारबाज, पोरगं बाबागाडीत आणि सगळी गोष्ट ते पोरगंच सांगतं. ग्रुपचा प्रोड्युसर आरझाने त्याचे तुकडे अल्बमभर पेरलेत.

पहिला अल्बम वर्ड्स फ्रॉम द जीनियस, १९९१, कोल्ड चिलिन कंपनीवर. तेव्हा तो नुसता जीनियस म्हणून रॅप करायचा. बिग डॅडी केन, बिझ मार्की असली मंडळी त्याच कंपनीत होती, त्यात हा झाकला गेला आणि अल्बम पडला. त्याच वर्षी त्याचा चुलत भाऊ आरझा, तेव्हाचा प्रिन्स रकीम, टॉमी बॉय कंपनीवर आला आणि त्याचंही काही जमलं नाही. दोघं हात पोळून घरी आले आणि त्यातनं वू-टँग उभा राहिला असं मी मानतो. म्हणूनच लाऊड कंपनीशी करार करताना अट घातली की ग्रुप तुमचा, पण सोलो अल्बम ज्याला जिथे काढायचा तिथे तो काढेल. ग्रुपमधला मेथड मॅन डेफ जॅम कंपनीला गेला, जीझा गेफेनला.

नागपूरची_पोर:
टेपवाला दादा बरोबर बोलले. लेबल्स हे गाणं आता परत ऐक, शब्द समोर ठेवूनच. एकेका रेकॉर्ड कंपनीचं नाव वाक्यात असं बसवलंय की आधी साधं वाक्य वाटतं आणि मग लक्षात येतं अरे ही तर टॉमी बॉय. चार वर्षांचा राग आहे तो पण आवाज एकदाही चढत नाही, हेच मला जीझात सगळ्यात जास्त आवडतं. आणि कोल्ड वर्ल्ड रात्रीच ऐक. थर्टी फर्स्टच्या रात्रीची वस्ती, ख्रिसमसच्या जुन्या कवितेच्या चालीवर सुरू होतं आणि तिथे गोळ्या झाडल्या जातायत. मी हेडफोन लावून गच्चीत ऐकलं होतं, मे महिना होता तरी थंडी वाजली.

चौसष्ट_घरं:
कव्हर मोठं करून बघा. बुद्धिबळाचा पट आणि त्यावर मारामारी, कॉमिक्सवाल्या डेनिस कोवनने काढलंय. जीझा स्वतः बुद्धिबळवेडा आहे आणि लिहितोही तसंच, फालतू चाल नाही. बीट्सचं म्हणाल तर टायटल ट्रॅकमागे विली मिचेलच्या गाण्याचा तुकडा आहे आणि शॅडोबॉक्सिनमागे अ‍ॅन पीबल्सच्या, म्हणजे मेम्फिसचं जुनं सोल संगीत घेऊन आरझाने ते न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या तळघरात गोठवलंय.

एका बाबतीत मात्र माझं वेगळं मत. पहिला अल्बम इतका टाकाऊ नाहीये, लेखणी तेव्हाही हीच होती, बीट्स बहुतेक इझी मो बीचे. कमी पडला तो अंधार. कम डू मी सिंगल म्हणून काढलं, ते ऐकून हा माणूस कळणारच नाही.

पावसाळी_दुपार:
सगळ्यांचे आभार. लेबल्स तीनदा ऐकलं, अकरा नावं सापडली, अजून आहेत असं वाटतंय. पण शेवटच्या बायबल गाण्यात जीझा कुठे ऐकूच येत नाही, माझ्या कानाची चूक आहे का?

टेपवाला:
चूक नाही रे. ते सबंध गाणं किला प्रीस्ट या दुसऱ्या रॅपरचं आहे आणि बीट फोर्थ डिसायपलची, अल्बममधली आरझाची नसलेली एकमेव. स्वतःच्या अल्बमचा शेवट दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसलाय तो.