साखरपुड्याची अंगठी: एक कॅरट की चांगला कट?

सांजवारा: अंगठीसाठी हिरा बघतोय, बजेटमध्ये दोन गोल हिरे बसतायत. एक 1.01 कॅरट, कलर (पांढरेपणाची ग्रेड) जी, क्लॅरिटी (आतल्या डागांची ग्रेड) व्हीएस2 पण कट (पैलू पाडण्याचा दर्जा) नुसता गुड. दुसरा 0.90, कलर एच, क्लॅरिटी एसआय1, म्हणजे दोन्हींत एकेक पायरी खाली, पण कट एक्सलंट. अंगठी पिवळ्या सोन्याची. घरचे म्हणतात एक कॅरट तो एक कॅरट, आणि मला काही ठरवताच येत नाहीये. तुम्ही कुठला घ्याल?

पैलू: डोळे झाकून दुसरा! कॅरट म्हणजे वजन, 0.2 ग्रॅम, आकार नव्हे. नीट कापलेला 0.90 चा हिरा साधारण 6.2 मिमी भरतो आणि एक कॅरटचा 6.4-6.5, बोटात घातल्यावर एवढा फरक कोणाला कळणारे? त्यात हिरा खोल कापला असेल तर वजन खाली पोटात जातं, वरून दिसतच नाही, आणि उजेड खालून निसटतो म्हणून चमकही मार खाते. हिऱ्याच्या लॅब रिपोर्टवर मिमीतली मापं आणि डेप्थ टक्केवारी (रुंदीच्या मानाने खोली) असते ती आधी बघा, 63 च्या वर गेली की मी तरी तो हिरा बाजूला ठेवतो. शिवाय एकचा आकडा गाठला की भाव एकदम उडी मारतो, ते पैसे निव्वळ आकड्याचे.

मेघना_के: कटचं पटलं, पण एसआय1 प्रत्यक्ष बघितल्याशिवाय अजिबात घेऊ नका. ग्रेड 10 पट भिंगाखाली ठरते, त्यामुळे एखाद्या एसआय1 मध्ये नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि एखाद्यात बरोबर मधोमध टेबलखाली (वरच्या सपाट पैलूखाली) काळा ठिपका. कडेला असला तर प्रॉन्गखाली (हिरा धरणाऱ्या आकड्याखाली) झाकतो. दुकानातल्या स्पॉटलाइटमध्ये सगळेच लखलखतात हो, खिडकीपाशी नेऊन साध्या उजेडात बघा. एचचं टेन्शन नको, पिवळ्या सोन्यात तो पांढराच दिसतो.

सांजवारा: रिपोर्ट बघितले, 1.01 वाला 6.28 मिमी आणि डेप्थ 64.5! दुसरा 6.20, डेप्थ 61.8. म्हणजे वरून जवळपास सारखेच की. ठिपका कडेला असेल तर 0.90 चाच घेतो, घरच्यांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.

पैलू: मस्त. बसवायला द्यायच्या आधी हिऱ्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलाय का ते विचारा, असला तर भिंगातून रिपोर्टशी जुळवा, आणि अंगठी हातात आल्यावर परत एकदा.