चिनी ड्रॅगनची नखं: पाच, चार की खरवडलेली?

प्रश्न
चिनी ड्रॅगनवर सचित्र लेख करतेय. पाच नखं सम्राटाची, चार राजपुत्रांची असं सगळीकडे वाचलं. उत्तर चीनमधल्या दातोंग शहरातल्या नऊ ड्रॅगनांच्या भिंतीवर चार नखं आहेत, बीजिंगच्या निषिद्ध नगरीतल्या, म्हणजे सम्राटाच्या राजवाड्यातल्या, भिंतीवर मात्र पाच. ड्रॅगन दोन्हीकडे नऊच. मग फरक का? आणि मोजताना टाचेकडचं नख धरायचं का?

उत्तर 1
धरायचं, आणि चूक नेमकी तिथेच होते. पुढची चार मोजून लोक थांबतात, मागे वळलेलं पाचवं राहून जातं. चारही पंजे तपासा, कारण एखादा ढगाआड किंवा लाटेआड अर्धा झाकलेला असतो.

दातोंगची भिंत 1392 ची, 45.5 मीटर लांब. ती मिंग घराण्याचा (1368 ते 1644) पहिला सम्राट होंगवू याचा तेरावा मुलगा झू ग्वी याच्या वाड्यासमोर बांधलेली. तो सम्राट नव्हता, म्हणून चार नखं. निषिद्ध नगरीतली भिंत 1772 ची. चिंग या शेवटच्या राजघराण्यातल्या (1644 ते 1912) च्यानलोंग सम्राटाने निवृत्तीनंतर राहण्यासाठी जो महाल सजवून घेतला, त्याच्या दारासमोर ती आहे. 29.4 मीटर लांब आणि 270 झिलईदार तुकडे जोडून केलेली. म्हणजे नऊ हा आकडा बघून काही ठरत नाही, भिंत कोणाच्या दारासमोर आहे ते बघावं लागतं.

हा नियम फार जुना समजू नका. पाच नखांवर कायद्याने बंधन आलं ते युआन काळात, म्हणजे मिंगच्या आधीच्या मंगोल घराण्याच्या राज्यात. त्याहून जुन्या तांग आणि सोंग घराण्यांच्या काळातले ड्रॅगन बहुतेक तीन नखांचे, त्यामुळे ‘तीन नखं म्हणजे जपानी’ असं जे म्हणतात, तेही सरसकट खरं नाही.

उत्तर 2
वर एक महत्त्वाची गोष्ट राहिली. चार नखं दिसली तरी ती मुळात पाच असू शकतात! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मिंग काळातल्या श्युआनदे सम्राटाच्या राजवटीचं कोरीव लाखकामाचं लाल टेबल आहे. त्यावरच्या ड्रॅगनांचं पाचवं नख खरवडून काढलंय. वस्तू राजवाड्याबाहेर गेली की असं करायचे. चिंग काळात पाच नखांचं कापड कोणाला बक्षीस मिळालं, तर एका नखाचं भरतकाम उसवूनच ते वापरायचं असा दंडक होता. म्हणून नखांमधली फट बघा. एकाच जागी ती मोठी असेल, तर तिथे सुईची छिद्रं किंवा खरवडल्याची खूण शोधा.

उलटही घडतं. चिंगच्या उत्तरार्धात नियम सैल झाले आणि अधिकाऱ्यांच्या झग्यांवरही पाच नखं आली. नुसत्या नखांवरून ‘सम्राटाचा झगा’ असं लिहू नका, रंगही पाहा. सम्राटाचा पिवळा वेगळाच, लख्ख असतो. सम्राटाच्या झग्यावर ड्रॅगन नऊ. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर एकेक, खाली पुढे दोन, मागे दोन, आणि नववा पुढच्या पदराच्या आत लपलेला. फोटोत आठच दिसले तर गोंधळू नका.

उत्तर 3
चित्र स्वतः काढणार असाल तर जुनं वर्णन हाताशी ठेवा. शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, पोट शिंपल्यासारखं, खवले कार्प माशाचे, नखं गरुडाची, तळवे वाघाचे, कान बैलाचे. खवले 81, म्हणजे नऊ गुणिले नऊ. सगळ्यात जास्त चुकतं ते डोकं. सरड्यासारखं चपटं काढलं की जीवच जातो त्यातला, कपाळ फुगीरच हवं. पोटाच्या आडव्या पट्ट्या आणि पाठीचे खवले यांच्यामधली रेघ शरीराच्या प्रत्येक वळणावर सोबत वळवा, नाहीतर अंगाला पीळ दिसत नाही.

पंख देऊ नका. यिंगलोंग हा पंखांचा अपवाद आहे, बाकीचे पंखांशिवायच उडतात. आणि भोवती पाणी, ढग, लाटा काढा, कारण हा पाऊस आणणारा, नद्या-समुद्रांचा धनी.

प्रश्नकर्ती
खूप आभार. चार नखांच्या चित्राखाली ‘ड्रॅगन’च लिहू ना?

उत्तर 1
सर्वसाधारण लेखात चालेल. पण चिंग दरबारी पोशाखाबद्दल लिहिताना पाच नखांचा तो ‘लोंग’ आणि चार नखांचा तो ‘मांग’. मांगचा मूळ अर्थ अजगर. दिसायला दोघं सारखेच, नखांची गिनती तेवढी वेगळी, म्हणून तिथे नाव नेमकं लिहा.