मुंबईच्या सात बेटांच्या नकाशावर तिथी कुठे आहे?

खाजणवाट:

निळ्या समुद्रात सात रंगांचे सात तुकडे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. कोपऱ्यात आकडा १६६१, पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली ते वर्ष. शाळेच्या व्हरांड्यात, वारसा-फेरीच्या पत्रकात, गणपतीच्या देखाव्यात, सगळीकडे हाच नकाशा लागतो. माझं म्हणणं असं की तो या रूपात लावणं आता थांबवावं.

मुळात तो आकार १६६१ चा नाहीच. सात बेटांची आज चालणारी आकृती आर. एक्स. मर्फी यांच्या १८४३ च्या नकाशावरून आली, म्हणजे १८२ वर्षांनी मागे वळून काढलेला तो अंदाज आहे. तोवर वरळी आणि महालक्ष्मीमधलं खिंडार हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद झालं होतं आणि आतल्या पाणथळीवर भराव पडत होता. उलट जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात इथे होता. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात तो सांगतो की परळ, माहीम, शीव आणि मुंबई यांच्या मधे एक खोलगट भाग आहे, समुद्र तीन ठिकाणांहून आत येतो आणि ४०,००० एकर चांगली जमीन बुडवतो. आकडा अशक्य आहे. जुनी मुंबई साधारण २२ चौरस मैलांची, म्हणजे सगळी मिळून १४,००० एकरांच्या आसपास. पण त्याच्या सांगण्याची धाटणी बघा: एक बेट आणि त्याच्या पोटात पाणी. सात सुटे तुकडे नव्हेत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अपोलो बंदराशी उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी) सरासरी भरती ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती ३.३ आणि ओहोटी १.९. मोजमाप आजचं आहे, पण पाण्याच्या चढउताराचं गणित समजायला पुरतं. चिखलवटीचा उतार २०० ला १ धरला तर उधाणाच्या एका दिवसात पाण्याची कड ३.६ गुणिले २००, म्हणजे ७२० मीटर पुढेमागे होते. कुलाबा ते शीव साधारण १८ किलोमीटर. हा पट्टा ४० सेंटिमीटर उंचीच्या कागदावर बसवला की प्रमाण १:४५,००० येतं. त्यावर ७२० मीटर म्हणजे १६ मिलिमीटर. आपण तिथे अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ ओढतो आणि तिला किनारा म्हणतो.

कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला ६. वेळ साधारणच मिळते, पण तिथी सांगितल्याशिवाय किनारा कुठे आहे हे सांगता येत नाही, हे त्या हिशेबात आधीच धरलेलं आहे. फ्रायरही मिठागरं उधाणाच्या पाण्याने भरतात असं नोंदवतो. मग आपल्या नकाशावर तिथी का नसावी?

करायचं काय? तीन थर. कायम कोरडी जमीन (टेकड्या आणि वस्तीचे उंचवटे) भरीव रंगात. भरतीत बुडणारी आणि ओहोटीत उघडी पडणारी जमीन फिकट रंगावर आडव्या रेघांत. कायम पाणी निळं. जिथे पुरावा नाही तिथे थराची कड तुटक. आणि सूचीत एक ओळ: "उधाणाची भरती, पौर्णिमा".

फळा_खडू:

पुराव्याचा मुद्दा मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

भिंतीवरचा फलक माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो, तेही चालता चालता. तेवढ्या वेळात सात तुकडे आणि सात नावं डोक्यात बसतात. तीन थर, तुटक कडा, तिथीची ओळ बसत नाही. छपाईची अडचण वेगळीच. फ्लेक्सवर १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघा लांबून राखाडी दिसतात आणि उन्हात काही महिने राहिलं की फिकट छटा आधी उडतात. मग तुमचा भरतीचा पट्टा एक तर जमिनीत जाईल, नाही तर समुद्रात. आधी शाबूत दिसणारा नकाशा वर्षभराने वेगळंच काहीतरी सांगू लागेल.

शिवाय सात हा आकडा मर्फींच्या डोक्यातून एकाएकी निघालेला नाही. ही सातही नावं त्यांच्या आधीपासून वापरात होती. पायधुनी, उमरखाडी ही नावं पाण्याचीच साक्ष देतात. कोणतंही वर्गीकरण कुठेतरी कापतंच. सात कप्पे केले म्हणून माहिती खोटी ठरत नाही, फक्त कप्प्यांच्या भिंती जाड दिसतात. "आकार अंदाजे, १८४३ च्या नकाशावरून" ही ओळ ठळक छापा आणि नकाशा राहू द्या.

सर्व्हेसाखळी:

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. हा नकाशा आता नुसता भिंतीवर राहिलेला नाही. दर जुलैत कुणीतरी तो आजच्या नकाशावर पारदर्शक करून ठेवतं आणि म्हणतं, बघा, पाणी तुंबतं तिथे पूर्वी समुद्र होता. हिंदमाता सखल आहे हे खरं. पण ते समतल रेषांवरून दाखवायचं असतं. १८४३ च्या अंदाजाची कड आजच्या गल्लीवर ठेवून ते सिद्ध होत नाही. पातळ्या घेताना आणखी एक खाच आहे. उंची ज्या शून्यापासून मोजतात त्याला डेटम म्हणतात. पालिकेचे जुने आराखडे टाउन हॉल डेटममध्ये असतात, भरतीचे आकडे चार्ट डेटममध्ये, उंचीचे नकाशे सरासरी समुद्रसपाटीपासून. तिन्हींचं शून्य वेगळं. ते जुळवल्याशिवाय वजाबाकी केली की न बुडणारे रस्तेही नकाशावर बुडालेले दिसतात.

जुना नकाशा नव्यावर बसवायचाच असेल तर मोठ्या प्रमाणाचा घ्या. लॉटन यांची मुंबई शहराची १८६५-७२ ची मोजणी त्यासाठी उत्तम. १ इंचाला १०० फूट, म्हणजे १:१२०० प्रमाणाचं पान ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० पिक्सेल) स्कॅन केलं की एका पिक्सेलला जमिनीवरचे ३ इंच येतात. त्याहून जास्त डीपीआयने फक्त फाइल फुगते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (जुनं पान आजच्या जागेवर बसवण्याचं साधन) पान उघडा, लक्ष्य निर्देशांक प्रणाली ईपीएसजी ३२६४३ ठेवा, आणि खुणेचे बिंदू अशा बांधकामांवर घ्या जी तेव्हाही होती आणि आजही तिथेच आहेत: सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८), टाउन हॉल (१८३३), बाणगंगेचे कोपरे, माहीमचा आणि शीवचा किल्ला. किनाऱ्यावर एकही बिंदू घेऊ नका. नवखे लोक तिथेच चुकतात, कारण किनारा डोळ्यांत भरतो. बॅकबे आणि बॅलार्ड इस्टेटकडे किनारा भरावाने कुठल्या कुठे सरकला आहे. तो जुळवायला गेलात तर अख्खं फोर्ट ताणलं जातं.

पान बसवण्याचं सूत्र निवडावं लागतं. पहिल्या घाताच्या बहुपदीला किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्या घाताला ६, तिसऱ्याला १०. त्याच्या दुप्पट तरी घ्या, म्हणजे एखादा चुकलेला बिंदू उघडा पडतो. "थिन प्लेट स्प्लाइन" ही पान रबरासारखं ताणणारी पद्धत निवडली की तक्त्यात चूक शून्याजवळ दिसते आणि माणूस खूश होतो. ती पद्धत प्रत्येक बिंदूतून जातेच, त्यामुळे त्या शून्याला काही अर्थ नाही. चार-पाच बिंदू बाजूला ठेवा, बसवणीत वापरू नका, नंतर त्यांवर चूक मोजा. नकाशावर अर्धा मिलिमीटर चालतो: १:१२०० वर ६० सेंटिमीटर, १:४५,००० वर साडेबावीस मीटर.

कापडावर चिकटवलेले जुने नकाशे घडीसाठी तुकडे करून, मधे फट ठेवून लावलेले असतात. अख्खं पान एकदम बसवलं तर प्रत्येक फटीत रस्ता लांबतो. तुकडे वेगळे कापून एकेक बसवा. फ्रायरच्या पुस्तकातला नकाशा मात्र असा बसवूच नये. त्यावर बिंदू लावणं म्हणजे त्याच्याकडे नसलेली अचूकता आपण त्याला चिकटवणं.

नावगाव:

सर्व्हेसाखळी, शेवटचं वाक्य पटलं, पण ते मला सगळ्याच जुन्या नकाशांना लावावंसं वाटतं. नकाशा ताणला की त्याची चूक पुसली जाते, आणि चूक हाच बऱ्याचदा सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. काढणाऱ्याने माहीम मोठं दाखवलं असेल, तर त्याला तिथलं काय ठाऊक होतं हे त्यातूनच कळतं. जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवा, खुणा अंकांनी जोडा.

फळा_खडू, नावांचा आधार इतक्या सहज घेऊ नका. नावांनाही प्रतवारी लागते. पहिली प्रत, नावातच भूरूप असेल ती: उमरखाडी, खार, बंदर, बांध. दुसरी, नावामागे कथा असेल ती: पायधुनी. पाय धुण्याजोगं पाणी तिथे होतं ही व्युत्पत्ती सुंदर आहे आणि जागेला शोभतेही, पण पाण्याचा पुरावा म्हणून ती खाडीइतकी वजनदार नाही. तिसरी, झाडांची नावं. इथे पुरावा उलटा धावतो: फणसाला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून फणसवाडी हे कोरड्या जमिनीकडे बोट दाखवतं, अर्थात नाव पडलं त्या काळापुरतं. चौथी, माणसांची नावं. कामाठीपुरा कामाठ्यांवरून आला. वस्ती येण्याआधी तिथे चिखल होता की शेत, ते नाव सांगत नाही. धाकट्या कुलाब्याच्या "ओल्ड वुमन्स आयलंड" या इंग्रजी नावाचं मूळ "अल ओमानी" असं सांगतात, ते मी पाचव्या, म्हणजे नुसत्या तर्काच्या, प्रतीत टाकतो. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीचं हेप्टानेशियाही तिथेच. अर्थ "सात बेटं" हे खरं, पण ती सात हीच, हे आपण नंतर जोडलं.

तक्त्याचे रकाने असे ठेवा: नाव, जुनी लिपी आणि वर्णलेखन, कागदात प्रथम आढळलेलं वर्ष, प्रत, बिंदू, आणि आजचा पसारा वेगळा. शेवटचे दोन एकत्र केले की घोटाळा होतो. उमरखाडी आज मोहल्ल्याचं नाव आहे; खाडी त्या अख्ख्या मोहल्ल्याएवढी रुंद नव्हती. वर्षाच्या रकान्यातही सांभाळा. इंग्रजांनी ताबा घेतला तो १८ फेब्रुवारी १६६५ ला. त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून त्यांच्या कागदांत हाच महिना १६६४ मध्ये सापडतो. दोन्ही आकडे नोंदवले नाहीत तर एकच घटना कालपटावर दोनदा येते.

आणि असा तक्ता झाला की बेटं काढायची गरजच उरत नाही. ठिपके द्या, रंग प्रतीप्रमाणे. कड वाचणाऱ्याला ओढू द्या.

खाजणवाट:

कड वाचणाऱ्यावर सोडणं मला मान्य नाही. वाचणारा तीच सात बेटांची कड ओढेल, कारण लहानपणापासून डोळ्यांसमोर तीच आहे. अनिश्चितता दाखवायची जबाबदारी काढणाऱ्याची. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये थोरांच्या आयुष्यांचा तक्ता काढला, सुमारे २,००० नावं, प्रत्येकाला एक आडवी रेघ. जन्ममृत्यूची तारीख ठाऊक असेल तिथे रेघ सलग, नसेल तिथे ठिपके. त्या ठिपक्यांनी तक्ता वाचणं अवघड झालं नाही. १७६५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर जमलं ते आज आपल्याला का जमू नये?

फळा_खडू, छपाईचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. बारीक रेघा काढून टाकतो. भरतीचा पट्टा मातकट, सपाट रंगात, जमिनीपेक्षा स्पष्ट फिका आणि पाण्यापेक्षा स्पष्ट गडद. आधी कृष्णधवल प्रत काढायची. तिन्ही छटा वेगळ्या दिसल्या तरच रंगीत छपाईला पाठवायचं. तुटक कडेचे तुकडे किमान ४ मिलिमीटर, मधली फट २.

फळा_खडू:

कृष्णधवल चाचणी उत्तम, ती कुठल्याही फलकाला लावावी. पण एकाच चित्रात तीन थर आणि तुटक कडा यावर मी अजूनही नाही म्हणते.

त्याऐवजी एकाच मापाचे दोन नकाशे शेजारी लावा. डावीकडे पौर्णिमा, उधाणाची भरती. उजवीकडे तीच पौर्णिमा, सहा तासांनी ओहोटी. दोन्हींत फक्त दोनच रंग, जमीन आणि पाणी. डावीकडे मुलं तुकडे मोजतील, उजवीकडे त्यांना चिखलातून माहीमहून परळला जाता येईल. सूची वाचावी लागणार नाही. सातही नावं दोन्हींत त्याच जागी, त्याच अक्षरात, म्हणजे काय बदललं ते नजरेला लगेच सापडेल. डावीकडे मोजून पाच भरले किंवा नऊ भरले तरी आकार ओढूनताणून सातवर आणायचे नाहीत, एवढं मी तुमच्या बाजूने मान्य करते.

खर्च वाढेल, जागा दुप्पट लागेल. ३ फूट बाय २ फुटांच्या फलकात प्रत्येक नकाशाला उंची साधारण दीड फूट मिळते, म्हणजे प्रमाण १:४०,००० च्या आसपास. चालेल.

सर्व्हेसाखळी:

दोन नकाशांना माझी हरकत नाही, एका अटीवर. दोन्हींची कड एकाच पातळ्यांच्या संचातून काढायची: ४.४ ची एक, ०.८ ची एक. डावी बाजू मर्फींकडून आणि उजवी अंदाजाने, असं झालं तर दोन चित्रांतला फरक भरतीचा राहणार नाही, दोन काढणाऱ्यांमधला होईल. आणि आजच्या जमिनीच्या पातळ्यांवरून ती कड काढता येणार नाही, कारण वर दोनशे वर्षांचा भराव बसला आहे. पाया खोदतानाच्या बोअरच्या नोंदींत भराव कुठे संपतो आणि सागरी चिकणमाती कुठे लागते ते लिहिलेलं असतं. ती खोली आजच्या पातळीतून वजा करा. अशा नोंदी मिळतील तिथे सलग रेघ, मिळणार नाहीत तिथे तुटक. म्हणजे खाजणवाट, तुमची तुटक कड राहतेच.

नावगाव:

आणि बोअरची जागा दाखवणारे ठिपकेही राहू द्या, लहान का असेनात. कड कशावरून ओढली हे बघणाऱ्याला त्याच कागदावर दिसलं पाहिजे.